पूरनिक्षेप व पुरांचा इतिहास
पुराच्या पाण्याने मागे ठेवलेल्या गाळाच्या थरांस पूरनिक्षेप म्हणतात. एखाद्या भूमीवर पूर किती वेळा आले, हे त्यांवरून अजमावता येते. नद्यांच्या पातळीच्या नियमित नोंदी बहुतेक ठिकाणी शंभर-दीडशे वर्षांपलीकडे जात नाहीत. त्यापूर्वीची साक्ष मुख्यतः मातीतच शोधावी लागते.

पूर ओसरल्यावर राहिलेल्या गाळावर दीर्घ काळ नवा गाळ न साचल्यास तेथे मृदा तयार होते. तीत मुळांच्या खुणा, कृमींची बिळे व सेंद्रिय द्रव्याची काळसर छटा आढळते. म्हणून थरांची संख्या पुरांची किमान संख्या दर्शविते, तर मधल्या मृदेचा विकास दोन पुरांमधील खंड सुचवितो. मातीतील करडा रंग व गंजासारखे ठिपके हे पाणी साचल्याचे द्योतक होत. तथापि ते उंच भूजलपातळीमुळेही उद्‌भवत असल्याने केवळ त्यांवरून पूर सिद्ध होत नाही.

प्रारंभी अशा थरांचा अर्थ आख्यायिकांच्या आधारे लावला गेला. लेनर्ड वुली यांना १९२८–२९ मध्ये इराकमधील अर येथे सु. ३ मी. जाडीचा गाळ सापडला व त्यांनी त्याचा संबंध बायबलमधील जलप्रलयाशी जोडला. परंतु कीश व शुरुप्पाक येथील थर निराळ्या काळांतील ठरले. अर्थात प्रलय एक नसून स्थानिक पूर अनेक होते. बी. बी. लाल यांना हस्तिनापूरच्या उत्खननात (१९५०–५२) चित्रित करड्या मृत्पात्रांच्या वसाहतीची गंगेच्या पुराने झीज झाल्याचे आढळले. निचक्षू राजाने पुरामुळे राजधानी कौशांबीस हलविली, या पुराणकथेशी त्यांनी त्याची सांगड घातली. तथापि एका थरावरून पुरांची वारंवारता कळत नाही.

त्यासाठी खडकाळ घळया अधिक उपयुक्त ठरल्या. तेथे पात्राची रुंदी फारशी बदलत नाही. त्यामुळे संथ पाण्याच्या आडोशाला साचलेल्या गाळाच्या उंचीवरून पुराची किमान पातळी व तीवरून प्रवाहाचे मान काढता येते. थरांचा काळ किरणोत्सर्गी कार्बनाच्या साहाय्याने ठरवितात. लिसा इली, व्हिक्टर बेकर, विश्वास काळे, शीला मिश्र प्रभृतींनी नर्मदेच्या घळईतील निक्षेपांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. मोठ्या पुरांची वारंवारता निरनिराळ्या शतकांत सारखी नव्हती, असे त्यावरून दिसून आले.

मोठा पूर पूर्वीचे थर वाहून नेतो व लहान पूर उंच जागी पोहोचत नाहीत. त्यामुळे ही नोंद अपुरीच असते. तरीही धरणे व वसाहती यांची आखणी केवळ अल्पकालीन मोजमापांवर विसंबून केल्यास संभाव्य महापुराचा अंदाज कमी पडण्याचा धोका असतो, हे ती दाखवून देते.