स्प्रिंगची एअर रायफल: ४.५ मिमी की ५.५ मिमी?

स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये हवा आधीपासून भरून ठेवलेली नसते. नळी खाली वाकवली की आतली स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढताच ती सुटते, दट्ट्या पुढे झेपावतो आणि त्याच्यासमोरची हवा दाबली जाऊन तापते. हीच हवा छर्‍याला ढकलते. हे सारे काही मिलिसेकंदांत उरकते.

ऊर्जा जाते कुठे?

स्प्रिंगमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच छर्‍याला मिळतो. उरलेली ऊर्जा घर्षणात, तापलेल्या हवेतून धातूत शिरणार्‍या उष्णतेत आणि दट्ट्याच्या धक्क्यात खर्च होते. त्यामुळे नुसती जोरदार स्प्रिंग बसवून फारसे साधत नाही: रायफल भरायला जड होते, हिसका वाढतो, नेम बिघडतो, वेग मात्र त्या मानाने वाढत नाही.

व्यासाचा परिणाम

५.५ मिमी छर्‍याच्या तळाचे क्षेत्रफळ ४.५ मिमीच्या जवळजवळ दीडपट असते. म्हणजे तेवढ्याच दाबाला दीडपट जोर मिळतो. म्हणूनच त्याच यंत्रणेतून मोठा छर्रा सहसा थोडी जास्त ऊर्जा घेऊन निघतो.

समजा, ०.५ ग्रॅमचा ४.५ मिमी छर्रा सेकंदाला २४० मीटर वेगाने सुटला. त्याची ऊर्जा सुमारे १४.४ जूल. त्याच रायफलच्या ५.५ मिमी आवृत्तीतून ०.९ ग्रॅमचा छर्रा १८५ मीटर वेगाने निघाला, तर ती सुमारे १५.४ जूल होते. पण वेग कमी असल्याने तो जास्त खाली येतो. हवेचा विरोध सोडला, तरी ३० मीटरवर पहिला सुमारे ८ सेंटिमीटर खाली येईल, दुसरा १३. अंतराचा अंदाज चुकला, तर लहान व्यासात चूक कमी भोवते.

छर्‍याचे वजन

फार हलका छर्रा लवकर निसटतो आणि दट्ट्या जोरात आदळतो. फार जड असेल, तर दट्ट्या दाबलेल्या हवेवरून उसळतो. मध्यम वजन बरे. छर्रा न घालता चाप कधीही ओढू नये. दट्ट्याचे सील आणि स्प्रिंग दोन्ही खराब होतात.

मग निवड कोणती?

कागदी लक्ष्यावरच्या सरावासाठी ४.५ मिमी योग्य. ऑलिंपिकमधील १० मीटर एअर रायफल स्पर्धेचा व्यासही हाच. शिवाय भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिमीपेक्षा मोठा व्यास किंवा २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा असेल, तर परवाना लागतो. मात्र परवाना लागत नाही, म्हणून ते खेळणे ठरत नाही. १० जूलचा छर्राही डोळा कायमचा निकामी करू शकतो. लक्ष्यामागे भक्कम आडोसा आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच.