सायकल, होडी आणि पूल

युरोपात सध्या ‘बोट आणि सायकल’ अशी जोडसहल फार लोकप्रिय आहे. माझ्या एका भाच्याने हॉलंडमध्ये अशी सहल केली. फोटो पाठवताना त्याने लिहिले, "मामा, असले काही आपल्याकडे व्हायला अजून पन्नास वर्षे लागतील." मी जन्मभर इतिहास शिकवला. त्यामुळे कोणी पन्नास वर्षांनंतरचे बोलू लागला की आधी पन्नास वर्षांपूर्वी काय होते ते बघायची मला खोड आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी त्यांची पद्धत सांगतो. हॉलंडमध्ये कालव्यांचे जाळे आहे. पूर्वी माल वाहणाऱ्या लांबट बोटींमध्ये खोल्या काढून त्यांचे तरंगते हॉटेल केलेले असते. सकाळी न्याहारी करून मंडळी सायकली घेऊन काठावर उतरतात, बरोबर एक वाटाड्या असतो. दिवसभरात चाळीस-पन्नास किलोमीटर सायकल चालवायची. तोवर बोट पुढच्या गावी जाऊन थांबते. संध्याकाळी परत आपल्याच खोलीत. सामान बांधायला नको, उचलायला नको. ॲमस्टरडॅम ते बेल्जियममधले ब्रूज ही अशीच एक प्रसिद्ध सहल. डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतल्या पसाऊपासून व्हिएन्नापर्यंत सुमारे सव्वातीनशे किलोमीटरची सायकलवाट आहे, तिथेही हाच प्रकार चालतो. गंमत म्हणजे यातल्या पुष्कळ वाटा सहलीसाठी केलेल्याच नाहीत. इंजिने नव्हती तेव्हा काठावरून घोडे चालत आणि दोराने बोटी ओढत. त्या घोड्यांच्या वाटा आता सायकलींना मिळाल्या.

म्हणजे त्यांच्याकडे बोट हे मुक्कामाचे ठिकाण आहे. आपल्या कोकणात बोट हा रस्त्याचाच तुकडा आहे. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे उपयोगी पडेल.

कोकणचा नकाशा बघा. सह्याद्रीतून निघालेली प्रत्येक नदी समुद्राला मिळताना खाडी होते आणि किनाऱ्याचा रस्ता तोडते. आमच्या रोह्याची कुंडलिका रेवदंड्याला मिळते. उत्तरेला अंबा धरमतरच्या खाडीत येते. दक्षिणेला राजपुरीची खाडी, मग सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी. किनाऱ्याने जायचे तर दर दोन दिवसांनी पाणी आडवे येणारच. त्यामुळे पायी असो, घोड्यावर असो की चाकावर असो, प्रवासाचा काही भाग होडीत हे ठरलेलेच. पलीकडे नेणाऱ्या होडीला आपल्याकडे ‘तर’ म्हणतात. ही तर इतकी महत्त्वाची होती की मुंबई सरकारने १८६८ साली तरींसाठी स्वतंत्र कायदा केला.

आपले वाहन बोटीत घालून या किनाऱ्यावर उतरलेला एक जुना पाहुणा आपल्याला चांगला माहीत आहे. अफनासी निकितीन हा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात होर्मुझहून घोडा घेऊन बोटीत बसला आणि चौल बंदरात उतरला. तिथून तो घाट चढून जुन्नरला गेला. वाटेत पाली नावाचे गाव लागल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. ते आपले बल्लाळेश्वराचे पाली असेल तर गडी आमच्या रोह्याच्या आसपासूनच गेला असणार! जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि मग मध्यस्थीने तो परतही मिळाला. ती कहाणी फार रंजक आहे, पण आज विषय वेगळा. निकितीनचे स्मारक रेवदंड्याला आहे, गेलात तर जरूर बघा.

इंग्रजांच्या काळातही हीच तऱ्हा. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे साहेब लोक महाबळेश्वरला जाताना होडीने खाडीतून नागोठण्यापर्यंत येत आणि पुढे महाडमार्गे पालखीने किंवा घोड्याने घाट चढत. पुढे आगबोटी आल्या. मुंबईहून धरमतरला आगबोट यायची आणि तिथून पेणकडे बैलगाड्या, टांगे. मुंबईत भाऊचा धक्का बांधला तो लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी, १८४१ साली. तेव्हापासून रेवस आणि भाऊचा धक्का ही आम्हा कुलाबेकरांची मुंबईकडे जायची पायवाट झाली. (जिल्ह्याचे नाव रायगड १९८१ साली झाले. माझ्या पिढीच्या तोंडी अजून कुलाबाच येतो.)

आता सायकल. आज आपण चालवतो तशी, दोन सारख्या चाकांची आणि साखळीची सायकल इंग्लंडमध्ये स्टार्ली यांनी १८८५ साली बाजारात आणली. डनलॉप यांनी हवेचा टायर केला १८८८ साली. त्यानंतर रॅले, हर्क्युलिस, बीएसए या सायकली बोटीतूनच मुंबईत उतरल्या. म्हणजे आपल्याकडे सायकलच मुळात बोटीने आली! देशी कारखाने मागाहून झाले. मद्रासचा टीआय सायकल १९४९ चा, सोनपतचा ॲटलस १९५१ चा आणि लुधियानाचा हीरो १९५६ चा.

आणि मुंबईच्या पोरांनी सायकल नुसती ऑफिसला जायला वापरली असे समजू नका. ऑक्टोबर १९२३ मध्ये सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यातले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा, १९२८ साली फेरी पुरी करून परत आले. सुमारे ७१,००० किलोमीटर सायकल चालवली त्यांनी. जिथे जमीन संपली तिथे जहाज धरले. पुढे वाटाड्या नाही, मागे सामानाचा टेम्पो नाही.

आमच्या घरातली पहिली सायकल म्हणजे एक जुनी हर्क्युलिस. ती थोरल्या काकांनी १९५८-५९ च्या सुमारास मुंबईत विकत घेतली आणि लाँचने रेवसला आणली. रेवसहून अलिबाग, अलिबागहून चौल-रेवदंडा असे चालवत ते खाडीवर आले. तेव्हा साळावचा पूल नव्हता, तो ऐंशीच्या दशकात झाला. मग सायकल होडीत आडवी घातली, साळावला उतरले आणि चणेऱ्यावरून रात्री घरी पोचले. लाँचवाल्याने सायकलीचे वेगळे भाडे घेतले, होडीवाल्याने मात्र घेतले नाही, हे काका पुढे वर्षानुवर्षे सांगत. एका दिवसात दोन बोटी आणि दोनदा सायकल. भाच्याच्या हॉलंडच्या सहलीत यापेक्षा निराळे काय होते? न्याहारी चांगली होती, एवढेच.

पण जुन्या काळाचे नुसते कौतुक करून चालणार नाही. १७ जुलै १९४७, आषाढातली अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. आमच्या लहानपणी अलिबाग, पेण, रोहे या भागात असे गाव नव्हते जिथे ‘रामदास’चे नाव काढल्यावर कोणी गप्प होत नसे. त्याआधी १९२७ साली ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी वादळात एकाच दिवशी गेल्या होत्या. पावसाळ्यात तर वाहतूक बंदच. मी नोकरी केली त्या गावी खाडीपलीकडून मुले होडीने शाळेत येत. भरती-ओहोटीचे वेळापत्रक त्यांना पाठ असे, शाळेचे नसे. परीक्षेच्या दिवशी ओहोटीला होडी चिखलात रुतली की गुडघाभर चिखल तुडवत येणारी मुलगी मी पाहिली आहे. आजारी माणसाला रात्री पलीकडून आणायचे म्हणजे काय, तेही पाहिले आहे. तेव्हा पूल नको असे म्हणायचा मला अधिकार नाही, इच्छाही नाही.

आणि पूल म्हणजे सगळे निर्धास्त असेही नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल कोसळला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. होडी काय, पूल काय, देखभाल करणारा माणूस जागा हवा.

मधल्या काळात बोट मागे पडली. रोह्याला रेल्वे १९८६ साली आली, कोकण रेल्वे १९९८ साली पुरी झाली. रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण करत गोव्याला जाणाऱ्या बोटी संपल्या. बोटीतून पडावात आणि पडावातून किनाऱ्यावर उड्या मारणारे चाकरमानी आता फक्त आमच्या आठवणीत. सायकलही मोटारसायकलपुढे गरिबाची ठरली.

मग २००३ साली दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये गाड्या वाहून नेणारी सपाट बोट सुरू झाली. लोक तिला ‘जंगल जेटी’ म्हणतात. पाहुण्यांना वाटते जवळपास जंगल असेल! मूळ शब्द जंगार. पोर्तुगीज ‘जंगाडा’ म्हणजे तराफा आणि पोर्तुगिजांनी तो घेतला मल्याळममधल्या ‘चंगाडम’वरून. म्हणजे आपल्याच देशातला शब्द पोर्तुगीज शेंडी ठेवून आला आणि कोकणात त्याचे जंगल झाले. पुढे बागमांडला-वेश्वी, आगरदांडा-दिघी, तवसाळ-जयगड अशा फेऱ्या सुरू झाल्या. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही मोठी रो-रो बोट आली.

या बोटींनी तुटलेला किनारा परत जोडला आणि त्याचा सर्वांत चांगला उपयोग सायकलवाल्यांनी करून घेतला. थंडीत रायगडच्या रस्त्यांवर हेल्मेट घातलेल्या सायकलस्वारांचे तांडे दिसतात. पुढे वाट माहीत असलेला म्होरक्या, मागे सामानाचा टेम्पो, त्यात पंक्चर काढणारा गडी. मुंबईहून बोटीने मांडवा, मग अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड. आगरदांड्याहून दिघी, पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून वेश्वी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ. धोपाव्याला उतरून गुहागर, हेदवी. तवसाळहून जयगड आणि गणपतीपुळ्यावरून रत्नागिरी. मोजून पाच वेळा पाणी ओलांडावे लागते. दरवेळी पंधरा-वीस मिनिटे किंवा तासभर पाय सैल सोडून बसायला मिळते, वारा खायला मिळतो, शेजारच्या माणसाशी बोलणे होते. घाटी चढून दमलेल्या माणसाला खाडी ही विश्रांती वाटते, अडथळा नाही.

आता मुद्द्यावर येतो. रेवस ते रेडी सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाची, म्हणजे १९८०-८२ ची. चाळीस वर्षे ती कागदावरच जास्त राहिली. आता राज्य सरकारने या खाड्यांवर मोठे पूल बांधायचे काम हाती घेतले आहे. पूल होतील आणि ते व्हायलाच हवेत, का ते वर सांगितले. पण पुलावर सायकलीला जागा असेल का?

हा प्रश्न उगाच काढलेला नाही. १२ जानेवारी २०२४ ला शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला. बावीस किलोमीटरच्या आसपास लांबी, त्यातला बराचसा भाग समुद्रावर. देखणा पूल आहे, अभिमान वाटावा असा. पण त्यावर सायकल न्यायला बंदी आहे. मोटारसायकललाही बंदी आणि रिक्षालाही. वेगवान रस्त्यावर त्यामागे सुरक्षेचे कारण आहे हे मला समजते. परिणाम मात्र एकच. त्या पुलावरून मोटारवाला पलीकडे जाऊ शकतो, सायकलवाला जाऊ शकत नाही. होडीने असा भेद कधीच केला नव्हता. आमच्या खाडीच्या होडीत मास्तर, मासळीची टोपली, शेळी आणि सायकल एकत्र बसत.

युरोपातली बोट गेली तर सायकलवाला किनाऱ्यावरच्या हॉटेलात झोपेल, त्याची वाट शाबूत राहील. आपल्याकडे बोट हाच रस्ता आहे. पूल आला की पलीकडे जाणारी तर परवडेनाशी होऊन बंद पडते, हे साळावला आम्ही पाहिलेच. पुलावर सायकलीला मज्जाव आणि खाली तरही नाही, असे झाले तर मुंबई-रत्नागिरी ही सायकलवाट पाच ठिकाणी तुटेल. नुसत्या हौशी सहलवाल्यांचीच नाही. कामाला जाणारा मजूर, शाळेची पोरे, पाव विकणारा, यांचीही. सरकारने शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली दिल्या, फार चांगले केले. त्या सायकलीला खाडी ओलांडता आली पाहिजे.

पुलाच्या कडेला दीड-दोन मीटरची कठडा घातलेली वेगळी पट्टी आराखड्यातच धरली तर खर्च फारसा वाढत नाही. मागाहून ती काढता येत नाही, कारण बांधलेला पूल रुंद होत नसतो. आणि निदान एक-दोन खाड्यांवर तरी जंगल जेटी चालू ठेवावी. जड वाहने पुलावरून जाऊ देत, ज्यांना घाई नाही ते बोटीने जातील. ती चालवणारी तांडेल-खलाशी माणसे तिथलीच आहेत, त्यांची पोटे त्यावर आहेत.

वाचकांपैकी कोणी अभियंते असतील, कोणी ग्रामपंचायतीत असतील, काहींची मुले सरकारी खात्यांत आहेत हे मला माहीत आहे. खांब उभे राहण्याआधी एवढा एक प्रश्न ज्याने त्याने आपापल्या ठिकाणी विचारावा, ही विनंती. आणि आगरदांड्याहून दिघीला अजून बोटीने गेला नसाल तर या थंडीत जाऊन या. सायकल नसली तरी चालेल. दिघीला उतरेपर्यंत जंजिरा उजव्या हाताला दिसत राहतो.