दिनविशेष : ४ डिसेंबर – ‘राजपूत’ विनाशिकेची मध्यरात्र

ताफ्यातील मोठ्या जहाजांना पाणबुड्यांपासून संरक्षण देणारी वेगवान युद्धनौका म्हणजे विनाशिका. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे बांधलेली आणि १९४२ मध्ये ब्रिटिश नौदलात ‘रॉदरहॅम’ या नावाने दाखल झालेली अशीच एक विनाशिका दुसऱ्या महायुद्धात हिंदी महासागरात वावरली, आणि १९४९ मध्ये भारताकडे येऊन ‘राजपूत’ झाली. १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात, वयाने थकलेली असूनही, तिने विशाखापट्टणमच्या समुद्रातून ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेच्या नावाने फसवे बिनतारी संदेश पाठवले, तेव्हा खरी ‘विक्रांत’ अंदमानकडे सुरक्षित होती. ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास बंदराबाहेर पडताना ‘राजपूत’ने संशयित पाणबुडीवर डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्यात ठरावीक खोलीवर फुटणारे स्फोटक, टाकले. त्यानंतर मोठा स्फोट ऐकू आला आणि पुढे ‘गाझी’ या पाकिस्तानी पाणबुडीचे अवशेष तळाशी सापडले. पाणबुडी अंतर्गत स्फोटाने किंवा स्वतःच्याच सुरुंगाने बुडाली, असा पाकिस्तानचा दावा असून हा वाद मिटलेला नाही. वाद काहीही असो, त्याच युद्धातील कराचीवरील हल्ल्याच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या नौदल दिनी या वृद्ध नौकेचा उल्लेख अभावानेच होतो, हा तिच्यावर अन्याय आहे. १९७६ मध्ये ती मोडीत निघाली.