कातीव करंड्याचं कूळ

१८८० च्या सुमारास कोल्हापुरात, भर वस्तीत, एका मोठ्या बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले. आत अस्थी ठेवायचा करंडक होता आणि त्याच्या झाकणावर ब्राह्मीत एक ओळ होती: दान बम्हाचं, घडवलं धमगुत्तानं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरनं अक्षरांच्या वळणावरून तो इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातला ठरवला. देणाऱ्याच्या जोडीनं करणाऱ्याचंही नाव झाकणावर यावं, हे मला त्या ओळीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं. पुढे आपल्या घराघरांतल्या फणीकरंड्यांवर कुणाचंच नाव नसायचं.

स्तूपांतल्या जुन्या करंडकांपैकी बरेच मऊ शंखजिऱ्याच्या दगडाचे आहेत आणि ते लेथवर कातलेले आहेत. नेपाळच्या सीमेलगत पिपरहवा इथे विल्यम पेपे यांनी १८९८ मध्ये स्तूप खणला, तेव्हा अशाच कातीव डब्यांबरोबर सोनं, मोती, पोवळी आणि रंगीत खडे मिळाले. दागिन्यांच्या गोल डबीचं कूळ निदान इथवर मागे नेता येतं. इजिप्तमधल्या पेटोसिरिसच्या थडग्यातलं लेथचं चित्र इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपासचं. लेथचं याहून जुनं चित्र अजून मिळालेलं नाही. पेटोसिरिसच्या थडग्यातल्या त्या चित्रात एक माणूस दोरी ओढतो आहे आणि दुसरा हत्यार धरून बसला आहे.

आपल्याकडच्या कातारी घरांत हीच जोडी विजेची मोटर येईपर्यंत टिकली. दोन खुंटांमध्ये लाकूड धरायचं, त्याला दोरीचा वेढा द्यायचा. दुसरं माणूस, बहुधा घरातलंच, ती दोरी आळीपाळीनं ओढणार. लाकूड एकदा पुढे फिरतं, एकदा मागे. पटाशी फक्त पुढच्या फेऱ्यात चावते, मागच्या फेऱ्यात हात किंचित सैल करायचा. म्हणजे निम्म्या वेळात काम आणि निम्म्या वेळात थांबणं, आणि दोन माणसांचा ताल एक. कातारी म्हटलं की पटाशी धरणाऱ्याचंच नाव होतं, पण दोरी ओढणाऱ्याच्या मनगटाशिवाय एकही कंगोरा सरळ येत नव्हता.

लाकूड कुजतं, दगड राहतो. म्हणून मधल्या शतकांची साक्ष कोल्हापूर जिल्ह्यात दगडच देतो. शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी खिद्रापूरला कोपेश्वराचं मंदिर आहे. तिथल्या स्वर्गमंडपातले गोल खांब नीट पाहावेत. एकावर एक चढवलेली कडी, धारदार कंगोरे, मध्येच आत घेतलेली मान. लाकडावर पटाशी टेकवली की आपसूक उतरतात तेच हे आकार. तिथे यादव राजा सिंघणाचा शके ११३६ चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या आरंभीचा, लेखही आहे. माझी खात्री आहे की त्या खांबांमागे लाकूड कातणाऱ्यांची नजर होती; तिचे लाकडी नमुने तेवढे काळानं खाल्ले.

आता मूळ वस्तूकडे, म्हणजे करंड्याकडे. लेथवर गोल डबी करणं सोपं दिसतं, कारण लेथला गोलच करता येतं. सगळी कसोटी झाकणाची. फणस, शिसव किंवा सागवानाचा एकच ठोकळा घ्यायचा. आधी बाहेरून गोल करायचा, मग झाकणापुरता भाग कापून वेगळा काढायचा. झाकण आतून पोखरायचं. मग खालच्या भागाला ओठ काढायचा, अगदी थोडा थोडा, दर वेळी झाकण लावून बघत. ते घट्ट बसलं की लेथवर तसंच ठेवून दोन्ही भाग एकत्र फिरवायचे आणि बाहेरची शेवटची सफाई करायची. म्हणजे सांधा हाताला लागत नाही आणि लाकडाची रेघ खालून वर अखंड जाते. तळाची पोकळी काढणं सर्वांत अवघड, कारण तिथे पटाशी लाकडाच्या तंतूंना उभी भिडते आणि जराशी चूक झाली तर फेकली जाते.

एवढं करूनही लाकूड स्वस्थ बसत नाही. वर्षवलयांच्या कडेनं ते जितकं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्म्यानंच गाभ्याच्या दिशेनं. त्यामुळे वाळता वाळता गोलाचा लंबगोल होतो. कोल्हापूरच्या हवेत तर वैशाखात सहज निघणारं झाकण श्रावणात अडून बसतं. म्हणून जाणता कारागीर डबी आधी जाड, ओबडधोबड कातून ठेवतो, काही महिने तिला वाकडं व्हायचं तेवढं होऊ देतो आणि मगच ओठ काढतो. ही वाट पाहणं किमतीत कधीच धरलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

वरचा रंग लाखेचा. रंगवलेल्या लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेनं ती वितळते आणि पातळ थरात पसरते. मग केवड्याच्या पानानं घासलं की चकाकी येते. ब्रश लागत नाही. ही लाख दागिन्यांतही असते. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफपेठेत, मिळणाऱ्या साज या हाराच्या पानांत आणि बोरमाळेच्या मण्यांत सोन्याचा पत्रा पातळ असतो, आतला भराव लाखेचा. म्हणून तर हे दागिने हलके आणि म्हणूनच चेपायला नाजूक. डबीच्या अंगावर जी लाख, तीच आत ठेवलेल्या साजाच्या पोटात.

लाखकामाचं लाकडी घराणं मात्र आंबोली घाट उतरल्यावर भेटतं, सावंतवाडीच्या चितारआळीत. तिथल्या दरबारानं अठराव्या शतकात, तिसऱ्या खेम सावंतांच्या काळात, गंजिफा (रंगवलेले खेळायचे पत्ते) आणि रंगकामाला आश्रय दिला. विसाव्या शतकात ही कला विझू लागली तेव्हा शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली. कर्नाटकातल्या चन्नपट्टणात कुड्याचं पांढरं लाकूड आणि लाख यांचीच जोडी आहे, आणि तिथल्या खेळण्यांचं नाव देशभर झालं.

कोल्हापुरात लेथ गेला लोखंडाकडे. वाय. पी. पोवार, म्हादबा मिस्त्री यांच्यासारख्या कारागिरांनी इथे इंजिनांचा धंदा उभा केला, आणि शिवाजी उद्यमनगरात आज मायक्रॉनमध्ये माप बोलणारे लेथ आहेत. त्याच शहरात साज विकत घेतला की तो प्लास्टिकच्या मखमली डबीत घरी येतो. साज इथला, लेथवरचा हात इथला, फणस घाटाखालचा. तरी या तिघांची गाठ पडत नाही. ती पडावी असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी गिऱ्हाईकानं मागणी करावी लागेल. तेव्हा करंडा घेताना तो उजेडात धरा: झाकणावरची रेघ बुडावरच्या रेघेला मिळते का, ते पाहा. झाकण फिरवून चारही बाजूंनी लावून बघा. ते कुठेही सैल किंवा घट्ट होत नसेल, तर लाकूड मुरल्यावरच कातलं आहे. आणि तो कुणी कातला, तेवढं नाव विचारा.