गिंडीच्या मातीतील बुरशी : झाडांची शत्रू आणि सोबतीही

चेन्नई शहरातील गिंडी हा परिसर राष्ट्रीय उद्यान आणि शैक्षणिक संस्थांमुळे ओळखला जातो. मद्रास विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्र प्रगत अध्ययन केंद्रही याच परिसरात असून, मातीतील बुरशीच्या संशोधनाची मोठी परंपरा या केंद्राला लाभली आहे. जवळच सुमारे २.७ चौरस किलोमीटर क्षेत्रात शुष्क सदाहरित वनाचा एक तुकडा महानगराच्या मध्यभागी टिकून आहे.

बुरशी म्हणजे रोग किंवा नासाडी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात बहुसंख्य झाडे बुरशीच्या मदतीशिवाय नीट वाढू शकत नाहीत. बुरशी घातक ठरणार की उपकारक, हे केवळ तिच्या जातीवर अवलंबून नसते. माती, यजमान वनस्पती आणि भोवतालचे इतर सूक्ष्मजीव यांवरही ते ठरते. मद्रासच्या संशोधनातून हीच बाब ठळकपणे पुढे आली.

बुरशी म्हणजे काय?

बुरशी किंवा कवक ही वनस्पती नाही. तिच्यात हरितद्रव्य नसते आणि तिच्या पेशीभित्तिकेत कायटिन हा घटक असतो. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९६९मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात बुरशीला स्वतंत्र सृष्टीचे स्थान देण्यात आले.

बुरशीचे शरीर सूक्ष्म तंतूंचे बनलेले असते. पावसाळ्यात दिसणारी अळंबी हे तिचे केवळ फळ होय. मूळ तंतुजाल जमिनीत किंवा लाकडात दडलेले असते. आतापर्यंत सुमारे दीड लाख जातींचे वर्णन झाले असून, प्रत्यक्षातील संख्या त्याच्या अनेक पटींनी अधिक असावी, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

मर रोग आणि मद्रासचे संशोधन

मद्रास विद्यापीठातील या संशोधनाचा पाया प्रा. टी. एस. सदाशिवन (१९१३-२००१) यांनी घातला. गव्हाच्या काडावर वेगवेगळ्या मातींत कोणत्या बुरशी कोणत्या क्रमाने वाढतात, याविषयीचा त्यांचा अभ्यास १९३९मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. रोगकारक बुरशी मातीत एकटी नसते, तिला अन्नासाठी इतरांशी स्पर्धा करावी लागते, हा विचार या अभ्यासाच्या मुळाशी होता. १९४४मध्ये त्यांनी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळेची सूत्रे हाती घेतली. पुढे १९७४मध्ये त्यांना पद्मभूषण किताबाने गौरवण्यात आले.

कापसावरील मर रोग हा या प्रयोगशाळेचा प्रमुख विषय होता. फ्युजेरियम ही बुरशी मुळांतून शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांमध्ये वाढते. परिणामी जमिनीत ओल असतानाही झाड कोमेजते. केवळ नलिका तुंबल्याने असे घडते, की बुरशीच्या विषाचाही त्यात वाटा असतो, हा त्या काळी वादाचा मुद्दा होता. १९५०च्या दशकात मद्रासच्या संशोधकांनी रोगग्रस्त कापसाच्या झाडातच फ्युजेरिक आम्ल आढळल्याचे दाखवून दिले. हे विष केवळ काचेच्या नळीत नव्हे, तर जिवंत झाडातही तयार होते, याचा हा महत्त्वाचा पुरावा मानला जातो.

याच प्रयोगशाळेतील प्रा. सी. व्ही. सुब्रमण्यन (१९२४-२०१६) यांनी बुरशीच्या वर्गीकरणात मोलाची भर घातली. त्यांचा 'हायफोमायसिटीस' हा ग्रंथ भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९७१मध्ये प्रकाशित केला.

मुळांशी भागीदारी

मर रोगाची बुरशी मुळांत शिरून झाड मारते, तर दुसरी एक बुरशी मुळांत शिरूनच झाड जगवते. या सहजीवनाला मायकोरायझा असे म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ फ्रँक यांनी १८८५मध्ये ही संज्ञा रूढ केली.

बुरशीचे तंतू मुळांवरील केसांपेक्षाही बारीक असल्याने मुळे पोहोचू शकत नाहीत अशा सूक्ष्म पोकळ्यांत ते शिरतात. तेथील स्फुरद, जस्त आणि पाणी ते झाडाला पुरवतात. मोबदल्यात झाड पानांत तयार झालेली शर्करा आणि स्निग्ध पदार्थ बुरशीला देते. ज्वारी, ऊस, आंबा यांच्यासह बहुतेक पिकांच्या व वृक्षांच्या मुळांत अशी बुरशी असते. मोहरी आणि कोबी यांचे कुळ मात्र याला अपवाद आहे.

ही भागीदारी फार प्राचीन आहे. स्कॉटलंडमधील सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत, खरी मुळे नसलेल्या आद्य वनस्पतींच्या पेशींतही असे तंतू आढळले आहेत.

पानांच्या आतील रहिवासी

निरोगी दिसणाऱ्या पानांच्या आतही बुरशी राहते. चेन्नईतील विवेकानंद महाविद्यालयाचे टी. एस. सूर्यनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तामिळनाडूतील पिचावरम येथील खारफुटीच्या पानांतून अशा अनेक अंतर्वासी बुरशी वेगळ्या केल्या. यांपैकी काही बुरशी कीड किंवा रोगापासून झाडाचे रक्षण करतात. काही मात्र पान म्हातारे होईपर्यंत शांत राहतात आणि ते गळताच ते कुजवू लागतात. मित्र आणि शत्रू यांच्यातील सीमारेषा किती पुसट असते, हे यावरून दिसून येते.

वन जिवंत ठेवणारी कुजण्याची क्रिया

गिंडी उद्यानाला १९७८मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. काळवीट आणि चितळ यांच्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या उद्यानात कवठ, कडुनिंब, सीताफळ यांसह वनस्पतींच्या सुमारे ३५० जाती आढळतात. येथील गळलेली पाने आणि लाकूड यांतील अन्नद्रव्ये मातीत परत आणण्याचे काम मुख्यत्वे बुरशी करते. लाकडाला कठीणपणा देणारा लिग्निन हा घटक पूर्णपणे विघटित करण्याची क्षमता प्रामुख्याने श्वेतकूज करणाऱ्या बुरशीतच असते.

१२ डिसेंबर २०१६ रोजी चेन्नईवर आदळलेल्या वरदा चक्रीवादळात शहरातील हजारो झाडे कोसळली. उद्यानालाही त्याचा फटका बसला. वनात पडून राहिलेले असे खोड कचरा भासत असले, तरी बुरशीमार्फत तेच पुढील पिढीच्या रोपांचे खत बनते.

वाळवी, कीटक आणि दगडफूल

बुरशीचे संबंध वनस्पतींपुरते मर्यादित नाहीत. वाळवीच्या काही जाती वारुळात बुरशीची अक्षरशः शेती करतात. कोकण आणि गोव्यात पावसाळ्यात आवडीने खाल्ली जाणारी वारुळावरील अळंबी याच बुरशीची असते. उसावरील हुमणीच्या नियंत्रणासाठी मेटारायझियम ही कीटकांवर जगणारी बुरशी वापरली जाते. गोड्या मसाल्यातील दगडफूल हेदेखील बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून बनलेले असते. दगडफुलाच्या अनेक जाती प्रदूषित हवेत तग धरू शकत नाहीत.

शेतीसाठी धडा

मद्रासच्या अभ्यासाचे महत्त्व महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनाही आहे. तुरीवरील मर रोगाची बुरशी शेतात राहिलेल्या रोगट धसकटांवर काही वर्षे जगू शकते. त्यामुळे उभ्या पिकावर फवारणी करून हा रोग आटोक्यात येत नाही. पिकांची फेरपालट, बदनापूर केंद्राच्या बीएसएमआर ७३६ सारखे प्रतिकारक्षम वाण आणि ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीची बीजप्रक्रिया हे उपाय अधिक परिणामकारक ठरतात. ट्रायकोडर्मा रोगकारक बुरशीशी अन्नासाठी स्पर्धा करते आणि तिच्या तंतूंवर हल्लाही करते. मातीतील स्पर्धेचे तत्त्व येथे थेट उपयोगात येते.

याउलट, पालापाचोळा जाळणे, वारंवार खोल नांगरणी आणि स्फुरदयुक्त खतांचा अतिवापर यांमुळे उपकारक बुरशीचे जाळे दुबळे होते. शहरात माती तुडवली गेल्याने आणि झाडांच्या बुंध्याभोवती काँक्रीट ओतल्याने हाच परिणाम होतो. गिंडीसारख्या वनाच्या रक्षणात हरणांची आणि झाडांची मोजदाद करता येते, पायाखालचे तंतुजाल मात्र दिसत नाही. तरीही त्या वनाचे भवितव्य बऱ्याच अंशी त्याच्यावरच अवलंबून आहे.