नवा लॅपटॉप आणि २००५ ची न वाचता येणारी यादी

खडवलीकरहो, पोस्ट लांब आहे. गाडीत बसल्यावर काढा, कल्याण येईपर्यंत वाचून होईल.

मंडळासाठी वर्गणीतून नवा लॅपटॉप घेतला. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याची मुदत संपली, आणि विंडोज ११ काही त्या मशीनवर चढत नाही. नव्या लॅपटॉपमध्ये दुकानदाराने "विंडोज टाकून" दिलं खरं, पण दोन दिवसांत स्क्रीनच्या कोपऱ्यात परवाना नसल्याची सूचना आली. मग रीतसर परवाना विकत घेतला, पेनड्राइव्हवर विंडोज उतरवलं, सगळं पुसलं आणि पुन्हा टाकलं. संध्याकाळभराचं काम. खरी अडचण पुढे आली, जुन्या डिस्कवरच्या फायली उघडल्यावर.

२६ जुलै २००५ च्या पुरानंतर आपल्या पोरांनी नदीकाठच्या घरोघर फिरून यादी केली होती. पाणी कुठवर आलं, किती भात भिजलं, कुठली भिंत गेली. ती फाईल उघडली तर इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, डोक्यावर टिंबं असलेली कसली कसली परदेशी अक्षरं. शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, व्हायरस लागलाय." व्हायरस कसला! फाईल शाबूत होती. पुसलं गेलं होतं ते तिला वाचणारं फाँट.

हे असं का होतं, ते समजायला जरा मागे जावं लागेल. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणायचं काम केलं. पुढे ते 'जिस्ट' नावाने पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. त्यातूनच 'इस्की' हे भारतीय मानक आलं, १९९१ मध्ये ते पक्कं झालं. प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक, आणि अक्षरं साठवायची उच्चाराच्या क्रमाने.

पण डीटीपीवाल्यांना हवी होती देखणी अक्षरं, तीही विंडोजवर, लगेच. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशी फाँट आली आणि ज्याने त्याने आपापली व्यवस्था लावली. कृतिदेवचंच बघा. फाईलमध्ये साठवलेलं असतं इंग्रजी 'डी', फाँट त्यावर 'क' चं चित्र चढवतो. म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी ते मराठी नव्हतंच. फाँट गेलं की सोंग उतरलं. मी कुणाला नावं ठेवत नाही. लग्नपत्रिकेपासून निवडणुकीच्या पत्रकापर्यंत आपलं सगळं याच फाँटांनी छापलं. पण टिकवायचा कागद आणि छापून वाटायचा कागद यांत आपण फरक केला नाही.

युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. त्यात देवनागरीला १२८ जागा मिळाल्या, मांडणी इस्कीवरूनच घेतलेली. विंडोज २००० मध्ये 'मंगल' फाँट आलं, म्हणजे २००५ ला सोय होती. मग आपण का नाही वापरली? एक्सपीमध्ये मराठी दिसायला सेटिंगमध्ये एक टिक करावी लागे. त्या ओळीत मराठीचं नावच नव्हतं. मजकूर साधारण असा, की क्लिष्ट लिप्यांच्या आणि उजवीकडून डावीकडे लिहायच्या भाषांच्या फायली टाका, थाईसकट. ती टिक केली की कॉम्प्युटर विंडोजची सीडी मागायचा. आमचं मशीन असेंबल केलेलं, सीडी दुकानदाराकडे. झालं!

वर्डमध्ये मजकूर निवडला की वरच्या चौकटीत जुन्या फाँटचं नाव दिसतं. ते फाँट माळ्यावरच्या एका सीडीत सापडलं. टाकल्याबरोबर यादी वाचता आली. तरी "विहीर" शोधलं तर सापडेना, कारण आत अजून इंग्रजीच. म्हणून कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणली. इथे जपायला लागतं. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये दोन्ही उलट. शिवाय आपला 'ऱ्य'. यादीत "तिसऱ्या पायरीपर्यंत" जिथे जिथे होतं, तिथे नेमका "तिसऱ्या" बिघडला. कुठे दुसरी पायरी, कुठे तिसरी, हे दोन संध्याकाळी बसून जुन्या फाँटातल्या प्रतीशी ताडून पाहिलं.

एवढा खटाटोप कशाला, असं एकाने विचारलं. भातसेच्या काठाला आज प्लॉट विकले जातायत. घेणारा विचारतो, पाणी कुठवर येतं? विकणारा म्हणतो, इथे कधी आलंच नाही. आपल्यातही दोघांच्या आठवणी जुळत नाहीत. त्या यादीत मात्र घरागणिक लिहिलंय, जोत्यापर्यंत, खिडकीपर्यंत, तिसऱ्या पायरीपर्यंत.

शाळा, सोसायटी, भजनी मंडळ, कुणाकडेही त्या काळचा सीपीयू पडून असेल तर भंगारात देऊ नका, फॉरमॅट तर मुळीच करू नका. फाँटांच्या जुन्या सीड्याही ठेवा. येत्या रविवारी सकाळी दहाला मी मंडळात आहे. डिस्क घेऊन या.