नासलेले दूध आणि कल्याणीचा राजा

पुण्यातल्या मिठाईच्या दुकानांत 'बंगाली मिठाई' हा एक स्वतंत्र प्रांत असतो. पेढे, बर्फी, लाडू उघड्या परातींत. रसगुल्ला, चमचम, रसमलाई, संदेश काचेआड, थंड कपाटात. पेढा निकालाला, बारशाला आणि देवापुढे चालतो. रसगुल्ला जेवणानंतर, पाहुणे आले की. सत्यनारायणाला रसगुल्ल्यांचा नैवेद्य मी तरी पाहिलेला नाही. पदार्थ आवडीचा झाला, पण सोवळ्यात शिरला नाही. असे का झाले, हे शोधताना मला आपल्याच अंगणातला एक पुरावा भेटला.

पण आधी भाषा पाहू. मराठीत दही 'लागते', चक्का 'बांधतात', दूध मात्र 'नासते'. विरजणाने दूध आंबवून, फडक्यात टांगून त्याचे श्रीखंड करणे हा सण. तेच दूध लिंबू पिळून फोडणे म्हणजे नासधूस. दोन्हींत आंबटपणामुळेच दुधाचे घट्ट आणि पातळ वेगळे होते, पण एक क्रिया शुभ आणि दुसरी अशुभ. घरात दूध नासले की साखर घालून, आटवून त्याच्या वड्या आपण करतोच. त्या गुपचूप खाल्ल्या जातात. पाहुण्यांसमोर येत नाहीत.

छेन्याविषयीचा हा संकोच फार जुना, तो बंगालात पोर्तुगीजांमुळे सुटला, असे खाद्येतिहासकार के. टी. अचया यांनी मांडले. सतराव्या शतकात बंगाल पाहिलेल्या फ्रान्स्वा बर्निये या फ्रेंच प्रवाशाने तिथल्या पोर्तुगीज वस्त्यांतल्या मिठाईची वाखाणणी केली आहे, हे खरे. पण या उपपत्तीला छेद देणारा ग्रंथ दूर कुठे नाही. तो आहे चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा 'मानसोल्लास'. शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमाराचा. राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. उमरग्याहून फार लांब नाही. यातल्या गीतविनोदात मराठी ओळी सापडतात म्हणून आपल्या वाङ्मयेतिहासकारांना तो परिचित आहे. त्यातला अन्नभोग मात्र आपण भुकेने वाचलेला नाही.

तिथे 'क्षीरप्रकार' येतो. तापवलेल्या दुधात आंबट ताक घालायचे, फुटलेले दूध फडक्यातून गाळायचे, उरलेल्या घट्ट भागात तांदळाचे पीठ मिसळून मळायचे, आकार द्यायचे, तळायचे आणि साखरेच्या पाकात सोडायचे. पोर्तुगीज कालिकतला उतरण्याच्या साडेतीन शतकांहूनही आधी एक राजा नासवलेल्या दुधाचे पक्वान्न ग्रंथात लिहून ठेवतो! माझ्या मते एवढ्याने पोर्तुगीज उपपत्ती निदान लंगडी तरी पडते. मात्र यावरून रसगुल्ला 'आपला' ठरवण्याचा मोह मला नाही. क्षीरप्रकार तळलेला आहे. तो गुलाबजामचा नातेवाईक. पाकातच उकळलेला स्पंजासारखा गोळा ही वेगळी करामत, आणि बंगालात तिचे श्रेय कोलकात्यात बागबाजारच्या नवीनचंद्र दास यांना देतात, साल १८६८. ओडिशाला ते मान्य नाही; २०१७ साली बंगालच्या आणि २०१९ साली ओडिशाच्या रसगुल्ल्याला वेगवेगळी भौगोलिक मानांकने देऊन सरकारने भांडण मिटवले. म्हणजे चालू ठेवले.

मग दख्खनेत छेना का रुजला नाही? धार्मिक संकोच हे अर्धेच उत्तर वाटते. उरलेले अर्धे गोठ्यात आहे. मऊ, स्पंजी छेना गाईच्या दुधाचा होतो. म्हशीच्या दुधाचा घट्ट, रवाळ आणि चिवट. उलट म्हशीच्या दुधात स्निग्धांश जवळजवळ दुपटीने, त्यामुळे खवा भरपूर पडतो आणि चक्का दाट बसतो. पश्चिम महाराष्ट्राचा मिठाई-धंदा म्हशीवर उभा राहिला. चितळे यांचा दुधाचा व्यवसाय १९३९ साली भिलवडीला सुरू झाला आणि १९५० साली पुण्यात त्यांचे मिठाईचे दुकान आले. आंबा बर्फी आणि श्रीखंड ही त्या दुकानाची ओळख याच परंपरेतली.

चित्र पालटले ते पुण्याच्या वेशीवर. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला 'बाएफ' ही संस्था काढली. होल्स्टीन आणि जर्सीच्या संकरातून जास्त दूध देणाऱ्या गाई गावोगाव पोचल्या, आणि पुण्याच्या आसपास गाईचे दूध मुबलक झाले. आजच्या पुणेरी रसगुल्ल्यामागे या गाई आहेत, असा माझा तर्क आहे. आधीच्या १९६५ साली दुधाच्या टंचाईमुळे खुद्द पश्चिम बंगाल सरकारने छेन्याच्या मिठाईवर बंदी घातली होती, हा योगायोगही गमतीचा.

जिभेआधी मन तयार झाले होते ते पुस्तकांमुळे. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठीत आणले आणि संदेशाची चव कधी न घेतलेल्या वाचकांनी बंगाली स्वयंपाकघरे मनाने पाहिली. पुढे पु. ल. शांतिनिकेतनात बंगाली शिकायला गेले आणि 'वंगचित्रे' घेऊन परतले.

आश्विनात पुण्यातल्या बंगाली मंडळींच्या दुर्गापूजेत संदेश देवीपुढे ठेवला जातो आणि मग प्रसाद म्हणून वाटला जातो. तिथे गेलेले मराठी लोकही तो हात जोडून घेतात. नासलेल्या दुधाचा आहे, हे कोणाच्या मनातही येत नाही.